तरतमभावाची दोन वळणे : फ्रेंच आणि मराठी
(कोल्हापुरी बोलीच्या विशेष संदर्भात)

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत तालमीच्या कट्ट्यावर किंवा फुटबॉलचा सामना आटोपल्यावर चहाच्या गाड्याभोवती जे बोलणे चालते, त्यात तुलनेला तोटा नसतो. या पेठेचा संघ मोठा की त्या पेठेचा, हा पैलवान वजनदार की तो, याचा निर्णय कधीच लागत नाही. आणि सर्व वाद जेथे मिटतात ते वाक्य म्हणजे ‘जगात भारी, कोल्हापुरी’. हे वाक्य अभिमानाचे म्हणून सर्वपरिचित आहे. व्याकरणाचे म्हणून त्याच्याकडे क्वचितच पाहिले जाते. श्रेष्ठत्वाची परमावधी सांगणाऱ्या या वाक्यात ‘तम’ हा प्रत्यय नाही, ‘सर्वांत’ हा शब्द नाही, ‘अधिक’ही नाही. ‘जग’ या नामाची सप्तमी आणि तिच्यापुढे एक साधे विशेषण, एवढ्यावर काम भागले आहे. हाच आशय फ्रेंचमध्ये मांडावयाचा तर ‘ल मेय्यर द्यू मोंद’ असे म्हणावे लागेल. म्हणजे एक निश्चयवाचक उपपद, लॅटिनकडून वारशाने आलेले एक जुने तुलनावाचक विशेषण आणि ‘जगाचा’ या अर्थाचा शब्दबंध. संस्कृत आणि लॅटिन या दोन्ही भाषा तुलनेच्या प्रत्ययांनी समृद्ध होत्या. त्यांच्या वंशातील मराठी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांनी ते प्रत्यय गमावले. मात्र गमावल्यानंतर दोघींनी धरलेल्या वाटा वेगळ्या आहेत. त्या वाटांचा मागोवा घेणे आणि मराठी व्याकरणकारांची नजर त्यापैकी नेमकी कोठे चुकली हे पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

पाणिनीची दोन स्थाने

तुलनेचा विचार अष्टाध्यायीत एके ठिकाणी नाही, दोन ठिकाणी आहे. पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात (५.३.५५ व ५.३.५७) तद्धित प्रत्ययांच्या ओघात तमप् व इष्ठन् आणि तरप् व ईयसुन् या दोन जोड्या येतात. पहिली जोडी अनेकांतून एकाचा अतिशय दाखविते. दुसरी दोहोंतील भेद दाखविते. परंतु याच्या बरेच आधी, दुसऱ्या अध्यायातील विभक्तीच्या प्रकरणात (२.३.४१–४२), पाणिनीने तुलनेची दुसरी बाजू सांगितली आहे. समूहातून एकाला वेगळे काढावयाचे असता, म्हणजे निर्धारणात, समूहवाचक शब्दाला षष्ठी किंवा सप्तमी लागते. आणि ज्याची तुलना करावयाची तो समूहाचा घटकच नसून मुळातच वेगळा असेल, तर ज्याच्याशी तुलना करावयाची त्याला पंचमी लागते. या दुसऱ्या नियमासाठी भाष्य व वृत्तिग्रंथांत जी उदाहरणे दिली जातात, ती मोठी गमतीची आहेत. मथुरेचे लोक पाटलिपुत्राच्या लोकांहून अधिक देखणे, अधिक सुकुमार, अशा धर्तीची ती आहेत. दोन गावांची चढाओढ ही व्याकरणाच्या उदाहरणांची जुनी खाण आहे, आणि पेठापेठांतील वादाला एवढी प्रतिष्ठित पूर्वपीठिका असेल याची कट्ट्यावर कोणाला कल्पना नसावी.

तात्पर्य, संस्कृतात तुलना दोन धाग्यांनी विणलेली होती : विशेषणाला लागणारा प्रत्यय हा एक धागा आणि नामाला लागणारी विभक्ती हा दुसरा. ‘रामात् श्यामः पटुतरः’ अशा साध्या वाक्यात दोन्ही एकत्र दिसतात. पुढे प्राकृत आणि अपभ्रंश अवस्थांतून जाताना पहिला धागा झिजत गेला. दुसरा टिकला.

मराठीतील पंचमी आणि सप्तमी

मराठीत ‘मधाहून गोड’ म्हणताना ‘गोड’ या विशेषणाला काहीही होत नाही. तुलनेचा सगळा भार ‘हून’ या पंचमीच्या प्रत्ययावर असतो. ‘अधिक गोड’ किंवा ‘जास्त गोड’ म्हणता येते, पण म्हटलेच पाहिजे असे नाही. ‘दगडापेक्षा वीट मऊ’, ‘नाकापेक्षा मोती जड’ या म्हणींत ‘अधिक’ घातले तर म्हणच बिघडते. ‘पेक्षा’ हा शब्द संस्कृत ‘अपेक्षा’ वरून आला आहे. ‘अमक्याच्या अपेक्षेने पाहिले असता’ हा त्याचा मूळ भाव. कोल्हापूर, सांगली, सातारा या टापूत याच कामासाठी ‘परीस’ वापरला जातो : ‘त्येच्यापरीस ह्यो थोराड हाय’. शाळेत या ‘परीस’ला ग्राम्य ठरविले जाते. वस्तुतः मोल्सवर्थच्या कोशात त्याला स्थान आहे आणि एकोणिसाव्या शतकातील छापील गद्यातही तो संकोच न बाळगता वावरतो. प्रमाणभाषेने ‘पेक्षा’ निवडला एवढ्याने ‘परीस’ अशुद्ध ठरत नाही. तो केवळ मागे राहिला, आणि जेथे मागे राहिला तेथे आजही जिवंत आहे.

परमावधीसाठी मराठीने सप्तमी वापरली. ‘सर्वांत मोठा’ यातील ‘सर्वांत’ हे सप्तमीचे रूप आहे. समूहातून एकाला वेचून काढण्याचे पाणिनीय निर्धारण ते हेच. त्याहून अस्सल मराठी घडण म्हणजे ‘मोठ्यात मोठा’, ‘लहानात लहान’, ‘कमीत कमी’, ‘जास्तीत जास्त’. येथे विशेषण स्वतःच समूह होते आणि स्वतःच त्यातून निवडले जाते. मोठे जेवढे आहेत तेवढे एका बाजूस काढा आणि त्यांतही जो मोठा म्हणावा तो घ्या, असा हा विचार आहे. शिवाजी पेठेतील ‘जगात भारी’ या पंक्तीतलेच आहे, फक्त त्यात समूह म्हणून साक्षात जगच घेतले आहे. ‘भारी’ हा शब्द मूळ वजनाचा, तराजूचा. आखाड्याच्या गावात तो श्रेष्ठतेचा व्हावा हे स्वाभाविकच होते.

जुन्या ग्रंथांतही हेच वळण दिसते. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मराठीच्या गोडीची अमृताशी सांगड घातली आहे, ती तर-प्रत्ययाने नव्हे, पैज जिंकण्याच्या क्रियापदाने. फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराणात मराठीची थोरवी सांगितली, ती फुलांमध्ये अमुक, सुगंधांमध्ये तमुक, तशी भाषांमध्ये मराठी अशा सप्तमीच्या माळेने. स्टीफन्स इंग्रज होता; इंग्रजीतले परमावधीचे प्रत्यय त्याच्या मातृभाषेतले होते. मराठीत लिहिताना मात्र त्याने मराठीचीच रीत धरली.

तद्धिताचे अवशेष मराठीत नाहीत असे नाही. पण ते अवशेषच आहेत. ‘श्रेष्ठ’, ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘वरिष्ठ’, ‘गरिष्ठ’, ‘पापिष्ठ’ हे सर्व इष्ठन्-प्रत्ययान्त शब्द. परंतु मराठी कानाला त्यांतील परमावधी ऐकू येत नाही. म्हणूनच ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणण्याची वेळ येते. ‘शेठ’ हा शब्द ‘श्रेष्ठिन्’ वरून आला. बाजारात प्रत्येक दुकानदाराला आपण नकळत परमावधीने संबोधतो. याचा सर्वांत मासलेवाईक नमुना शिक्षणक्षेत्रातच सापडतो. महाराष्ट्रात ‘कनिष्ठ महाविद्यालय’ आणि ‘वरिष्ठ महाविद्यालय’ अशी विभागणी रूढ झाली. इंग्रजीतील मूळ जोडी लॅटिन तुलनावाचकांची आहे, म्हणजे दोहोंतील भेद दाखविणारी. मराठीने तिच्यासाठी अनेकांतून एक निवडणारे इष्ठन्-प्रत्ययान्त शब्द घेतले. दोनच पायऱ्या असताना हे शब्द पाणिनीच्या नियमात बसत नाहीत. पण त्यामुळे कोणाचे काही अडलेले नाही, कारण हे प्रत्यय मराठीत केव्हाच मृत झाले होते.

‘लघुत्तम साधारण विभाज्य’ आणि ‘महत्तम साधारण विभाजक’ या अंकगणितातील संज्ञांमुळे शाळकरी मुलाला ‘तम’ची ओळख होते, ती लसावि-मसाविच्या संक्षेपात लगेच लोपतेही. हिंदीने ‘उच्चतम न्यायालय’ पत्करले, मराठीने ‘सर्वोच्च’. ‘सर्व’ला पुढे करण्याची मराठीची सवय शासकीय परिभाषेतही सुटली नाही.

पेशवाईतील मोजमाप

तुलनेची आणखी एक देशी रीत व्याकरणांतून बहुधा निसटते. ती अंकांची आहे. १७७४ मध्ये जन्मलेल्या पेशव्याला ‘सवाई माधवराव’ म्हटले गेले. आधीच्या माधवरावाच्या सव्वापट, असा त्या बिरुदाचा अर्थ. परिणामी आधीचे ‘थोरले माधवराव’ झाले. पेशवाईतील ‘साडेतीन शहाणे’ प्रसिद्धच आहेत. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण. नाना फडणवीस मुत्सद्दी असूनही तलवारबहाद्दर नसल्याने अर्धे. आजच्या बोलण्यातला ‘दीडशहाणा’ याच मापाचा, फक्त उपरोधाचा. गुणाचे तारतम्य पायलीने मोजावे तसे मोजणारी ही दृष्टी प्रत्ययांच्या तक्त्यात कोठेच बसत नाही.

‘थोरला’ आणि ‘धाकटा’ हे शब्दही लक्षणीय आहेत. त्यांत तुलना अंगभूत आहे. दुसरा कोणी असल्याखेरीज कोणी थोरला होत नाही. साताऱ्याचे शाहू महाराज ‘थोरले शाहू’ म्हणून ओळखले जातात. फ्रेंचमध्ये याची नेमकी जोडी आहे : ‘एने’ म्हणजे थोरला, ‘कादे’ म्हणजे धाकटा. ‘एने’ या शब्दाच्या मुळाशी ‘आधी जन्मलेला’ असा अर्थ आहे. फ्रेंच शिकविताना थोरल्या-धाकट्या भावासाठी इंग्रजी तुलनावाचकांचा आधार घेण्याचे मराठी वर्गात वास्तविक काहीच कारण नाही.

लॅटिनकडून फ्रेंचकडे

लॅटिनमध्ये ‘उंच’ या विशेषणापासून ‘आल्तिओर’ व ‘आल्तिसिमुस’ अशी रूपे होत. ज्याच्याशी तुलना करावयाची त्याची पंचमीसदृश विभक्ती वापरीत, ‘मेल्ले दुल्किओर’ म्हणजे मधाहून गोड. किंवा ‘क्वाम’ या अव्ययाने दोन पदे जोडीत. म्हणजे संस्कृताप्रमाणे येथेही दोन धागे होते. काही विशेषणांना उच्चाराच्या अडचणीमुळे प्रत्यय लागत नसे. तेथे ‘मागिस’, म्हणजे अधिक, हा शब्द आधी ठेवीत. बोलभाषेत हा अपवादच नियम झाला. साम्राज्याच्या कडेच्या प्रदेशांत, म्हणजे स्पेन, पोर्तुगाल व रुमानियात, ‘मागिस’ टिकला. मध्यभागी, म्हणजे गॉल व इटलीत, त्याच अर्थाच्या ‘प्लूस’ने त्याला हटविले. फ्रेंचचा ‘प्ल्यू’ तो हाच.

परंतु फ्रेंचने प्रत्ययांबरोबर नामाच्या विभक्तीही गमावल्या. येथेच मराठीपासून तिची वाट फुटते. पंचमी नसल्याने ‘क्वाम’चे काम करणारा ‘क’ पुढे आला : ‘प्ल्यू ग्राँ क म्वा’, माझ्यापेक्षा मोठा. जुन्या फ्रेंचमध्ये सर्वनामापूर्वी ‘द’, म्हणजे ‘पासून’, हे शब्दयोगीही तुलनेसाठी येत असे. इटालियनमध्ये ते आजही चालते. आधुनिक फ्रेंचमध्ये त्याचे अवशेष संख्यांपुढे उरले आहेत : ‘प्ल्यू द दिस’, दहाहून अधिक. मराठी विद्यार्थ्याला हे ‘द’ अपवाद म्हणून घोकविले जाते. खरे पाहता तो त्याच्या स्वतःच्या ‘हून’चा दूरचा सखा आहे.

परमावधीसाठी फ्रेंचने नवे रूप घडविलेच नाही. तुलनावाचकापुढे निश्चयवाचक उपपद ठेवले की झाले : ‘प्ल्यू ग्राँ’ म्हणजे अधिक मोठा, ‘ल प्ल्यू ग्राँ’ म्हणजे सर्वांत मोठा. विशेषण नामानंतर आले तर उपपदाची पुनरुक्ती करावी लागते. हा दंडक सतराव्या शतकात स्थिरावला, त्यापूर्वीचे लेखक ते दुसरे उपपद सर्रास गाळीत. दोन भाषांमधील भेद येथे स्पष्ट होतो. मराठीला परमावधी सांगण्यासाठी समूह सांगावा लागतो, मग तो ‘सर्व’ असो वा ‘जग’. फ्रेंचला समूह सांगितला नाही तरी चालते. ‘तोच तो’ असा निर्देश पुरतो.

फ्रेंचमधील लॅटिन अवशेष मोजके आहेत : ‘मेय्यर’ (अधिक चांगला), ‘पीर’ (अधिक वाईट), ‘म्वांद्र’ (अधिक लहान, कमी प्रतीचा). इतर काही शब्दांत तुलना विरून गेली. लॅटिन ‘सेनिओर’, म्हणजे अधिक वृद्ध, यापासून फ्रेंच ‘सिर’ व ‘सेन्यर’ झाले आणि ‘सिर’ मधून इंग्रजी ‘सर’. महाविद्यालयाच्या आवारात दिवसातून शंभरदा ऐकू येणारे ‘सर’ हे संबोधन मुळात एक लॅटिन तुलनावाचक आहे. बाजारातील ‘शेठ’ आणि वर्गातील ‘सर’ एकाच जातीचे. सोळाव्या शतकात इटालियनच्या प्रभावाने ‘-इसिम’ हा परमावधीचा प्रत्यय फ्रेंचमध्ये पुन्हा आला. आंरी एतिएन याने १५७८ मध्ये अशा इटालियन ढंगाच्या फ्रेंचची संवादरूपाने टर उडविली. तो प्रत्यय थोड्या शब्दांपुरता उरला. मराठीतील ‘महत्तम’, ‘न्यूनतम’ यांची स्थितीही अशीच आहे. आजोळाहून मागून आणलेले दागिने समारंभापुरते घालावेत तशी.

फारसीची भर

मराठीवर तुलनेचा प्रत्यय फारसीतूनही येऊन गेला. फारसी ‘तर’ हा संस्कृत ‘तर’चा सख्खा भाऊ. ‘बेहतर’ म्हणजे अधिक चांगले. मराठीने तो शब्द घेतला आणि ‘प्राण गेला तरी बेहत्तर’ अशा प्रयोगात त्यातील तुलना पार विसरून ‘पर्वा नाही’ या अर्थाला नेऊन पोचविला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात फारसी शिकविणारे माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी १९२५ मध्ये ‘फारसी-मराठी कोश’ प्रसिद्ध केला आणि पुढे १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून परकीय शब्दांविरुद्ध बाजू मांडली. ज्याने फारसीचा कोश रचला त्यानेच मराठीतील फारसी निवडून काढावी, हा योगायोग चिंतनीय आहे. पण ‘जास्त’ आणि ‘कमी’ हे फारसीच्या वाटेने आलेले शब्द काही गेले नाहीत. फ्रेंच ‘प्ल्यू’ आणि ‘म्वँ’ यांचे रोजच्या मराठीतील खरे प्रतिशब्द तेच आहेत. विशेषतः कमीपणाच्या तुलनेत मराठी आणि फ्रेंच अगदी शेजारी बसतात.

व्याकरणकारांचा साचा

लॅटिन व्याकरणात विशेषणाच्या तीन अवस्था मोजण्याची प्रथा चौथ्या शतकातील दोनातुसपासूनची आहे. मिशनऱ्यांनी ती बरोबर आणली. स्टीफन्सचे कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये रायतूर येथे पोर्तुगीज भाषेत छापले गेले. मराठीचे एक पोर्तुगीज व्याकरण १७७८ मध्ये रोममध्ये निघाले. विल्यम कॅरीचे इंग्रजी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरहून. या सर्वांमागे लॅटिनच्या साच्यात घडलेली शिस्त होती. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ सिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढे लिंडले मरे याच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. मरेने विशेषणाच्या प्रकरणात तीन अवस्थांना हक्काची जागा दिली आहे. दादोबांनी मराठीला शिस्त दिली, हे त्यांचे ऋण कोणी नाकारणार नाही. पण इंग्रजी साच्याबरोबर एक प्रश्नही मराठीत आला : विशेषणाचे काय होते? मराठी विशेषणाचे काहीच होत नाही. जे होते ते नामाचे होते. त्यामुळे शालेय व्याकरणात हा विषय एक तर ‘लघु, लघुतर, लघुतम’ अशा संस्कृत उसनवारीने भरला जातो, किंवा ‘मोठा, अधिक मोठा, सर्वांत मोठा’ अशी इंग्रजी तक्त्याची नक्कल केली जाते. पंचमीच्या प्रकरणात ‘हून’चा तुलनार्थ एका ओळीत आटोपतो आणि सप्तमीच्या प्रकरणात ‘मोठ्यात मोठा’ची आठवण क्वचित होते. पाणिनीची दोन स्थाने घरात असताना एकाच स्थानाचा परकीय आराखडा आदर्श मानला गेला, हे नुकसान लहान नाही.

मराठीकडे इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा मोठा प्रयत्न एका फ्रेंच माणसाने केला, हा प्रस्तुत विषयाशी जुळणारा योग आहे. झ्यूल ब्लॉक (१८८०–१९५३) याचा मराठीच्या घडणीवरील प्रबंध १९१४ चा; ग्रंथरूपाने तो १९२० मध्ये पॅरिसला निघाला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेले त्याचे मराठी भाषांतर ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने १९४१ मध्ये आले. ब्लॉक हा आन्त्वान मेये याचा शिष्य. स्वतंत्र शब्द झिजून व्याकरणाचे साधन कसे बनतात, हे मेयेने १९१२ मध्ये एका प्रसिद्ध लेखात मांडले होते. ‘प्लूस’चा ‘प्ल्यू’ होणे आणि ‘अपेक्षे’ची ‘पेक्षा’ होणे ही त्या एकाच प्रक्रियेची दोन उदाहरणे ठरतात.

वर्गातील फ्रेंच

कोल्हापुरात फ्रेंच शिकणारा विद्यार्थी बहुधा इंग्रजीच्या पुलावरून जातो, आणि तुलनेच्या पाठात हा पूल त्याला फारसा उपयोगी पडत नाही. इंग्रजीत प्रत्यय लागतात, फ्रेंचमध्ये स्वतंत्र शब्द येतो. इंग्रजी विशेषणाला लिंगवचन नाही, फ्रेंच विशेषण मराठीसारखेच लिंगवचनानुसार बदलते. ‘ती अधिक मोठी’ म्हणणाऱ्या मुलाला ‘प्ल्यू ग्राँद’ समजायला वेळ लागू नये. ‘प्ल्यू मेय्यर’ ही चूक मात्र त्याच्या हातून सहज घडते, कारण ‘सर्वश्रेष्ठ’, ‘सर्वोत्तम’ त्याच्या भाषेत शिष्टसंमत आहेत. ‘मेय्यर’मध्ये तुलना अजून जिवंत आहे आणि ‘श्रेष्ठ’मधली मेली आहे, हा फरक त्याला कोणी सांगितलेला नसतो. तसेच ‘हून’च्या सवयीने ‘क’च्या जागी ‘द’ घालण्याचाही संभव आहे. फळ्यावर इंग्रजी तक्ता लिहिण्याआधी ‘त्येच्यापरीस’, ‘मोठ्यात मोठा’ आणि ‘जगात भारी’ ही तीन रूपे लिहिली, तर पुढचे अर्धे काम विद्यार्थीच करतो. त्यांतील पहिले रूप तो घरून घेऊन आलेला असतो आणि शाळेत ते खोडावयास शिकलेला असतो.